मोबाइलवर आयपीएल फुकट झाली तेव्हा: तालुक्याच्या एका केबल ऑपरेटरचे प्रकरण

दक्षिण महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यातील एका तालुक्याच्या गावातले हे प्रकरण आहे. ऑपरेटरची ओळख पटू नये म्हणून गाव, एमएसओ (ऑपरेटरला सिग्नल पुरवणारी मोठी केबल कंपनी) आणि इंटरनेट कंपनी यांची नावे दिलेली नाहीत, आकडेही गोल केले आहेत. काळ जानेवारी 2023 ते एप्रिल 2025 असा आहे. या सव्वादोन वर्षांत क्रिकेटचे डिजिटल हक्क टीव्हीच्या हक्कांपासून वेगळे झाले आणि पुन्हा एका छताखाली आले. त्या दोन्ही झटक्यांत खांबावर तार ओढणाऱ्या माणसाला काय निर्णय घ्यावे लागले, ते इथे मांडले आहे.

पार्श्वभूमी

जानेवारी 2023 मध्ये या ऑपरेटरचे 800 सेट-टॉप बॉक्स चालू होते. सिग्नल जिल्ह्याच्या एमएसओकडून फायबरवर येई, गावात सहा नोड (फायबरचा सिग्नल तांब्याच्या तारेवर उतरवणाऱ्या पेट्या) होते आणि नोडपासून घरापर्यंत कोॲक्स, म्हणजे तांब्याची केबल जात होती. ऑपरेटर, वसुली आणि तक्रारी सांभाळणारी त्याची पत्नी आणि दोन लाइनमन, एवढाच कारभार.

कमाईचा हिशोब आधी पाहायला हवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे आहेत. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार तेव्हा पहिल्या 200 चॅनेलसाठी नेटवर्क शुल्क जास्तीत जास्त 130 रुपये होते, वर 18 टक्के जीएसटी. वेगळा करार नसेल तर हे शुल्क एमएसओ आणि ऑपरेटर यांच्यात 55:45 वाटले जाते, म्हणजे ऑपरेटरच्या हाती 58.50 रुपये. पे चॅनेलच्या किमतीतले 20 टक्के वितरणाचे, आणि त्यांचीही वाटणी 55:45. शंभर रुपयांचे पे चॅनेल घेणाऱ्या घरातून ऑपरेटरला आणखी 9 रुपये मिळत. एकूण घरामागे महिना 67.50 रुपये, 800 घरांचे 54,000.

आता खेळाचे चॅनेल. 19 रुपये किमतीच्या चॅनेलवर वितरणाचे 3.80 रुपये आणि त्यातला ऑपरेटरचा वाटा 1.71 रुपये. म्हणजे एखाद्या ग्राहकाने फक्त स्पोर्ट्स चॅनेल काढले तर नुकसान पावणेदोन रुपयांचे, पण त्या चॅनेलपायी बॉक्सच बंद केला तर साडेसदुसष्टचे. क्रिकेट हा या धंद्यातला नफ्याचा माल नाही. ग्राहक दर महिन्याला रिचार्ज मारतो ते मात्र बऱ्याचदा क्रिकेटमुळे.

हक्कांच्या बाजूला काय घडले होते? सप्टेंबर 2017 च्या लिलावात स्टार इंडियाने 2018 ते 2022 चे आयपीएलचे सगळे हक्क, टीव्ही आणि डिजिटल मिळून, 16,347.50 कोटींच्या एकत्रित बोलीने घेतले. फक्त भारतीय डिजिटल हक्कांसाठी फेसबुकने 3,900 कोटी लावले होते, पण एकत्रित बोली सुट्या बोलींच्या बेरजेपेक्षा वरचढ ठरली. दोन्ही दुकाने एकाच मालकाची असल्याने डिजिटल फुकट वाटून स्वतःच्याच टीव्हीचे गिऱ्हाईक तोडण्यात त्याला रस नव्हता, आणि 2020 पासून हॉटस्टारवर आयपीएलला पैसे मोजावे लागत. जून 2022 च्या ई-लिलावात बीसीसीआयने 2023 ते 2027 साठी एकत्रित बोलीची वाटच बंद केली. भारतीय उपखंडाचे टीव्ही हक्क डिस्ने स्टारला 23,575 कोटींना, म्हणजे सामन्यामागे 57.5 कोटींना गेले, आणि डिजिटल हक्क वायाकॉम 18 ला 20,500 कोटींना, सामन्यामागे 50 कोटींना. सगळी पॅकेजे मिळून रक्कम 48,390 कोटी झाली.

एकाच सामन्याचे दोन मालक झाले, आणि डिजिटलवाल्याला दुसऱ्याचे गिऱ्हाईक तोडण्यात आता पूर्ण रस होता.

अडचण

घसरण आयपीएलच्या आधीच सुरू झाली होती. ट्रायच्या नव्या दर आदेशानुसार करार न केलेल्या अनेक एमएसओंचे चॅनेल फेब्रुवारी 2023 मध्ये मोठ्या प्रसारकांनी काही दिवस बंद केले. या ऑपरेटरचा एमएसओ त्यांत होता. मालिका दिसेनात तशा बायकांनी फोन लावले, काही घरांनी डिश बसवली. सिग्नल परत आला, पण काही घरे तिकडचीच झाली.

31 मार्चला आयपीएल सुरू झाली. जिओसिनेमावर ती फुकट होती, मोबाइलवर आणि स्मार्ट टीव्हीवरही, आणि बारा भाषांच्या समालोचनांत मराठीही होती. एप्रिलअखेर चालू बॉक्स 640 वर आले. 160 बॉक्स गेले, म्हणजे महिन्याला 10,800 रुपये. 29 मेच्या अंतिम सामन्याला जिओसिनेमावर एकाच वेळी तीन कोटींहून जास्त प्रेक्षक होते. जूनमध्ये बंद बॉक्सपैकी फक्त 40 परत चालू झाले.

लाइनमन एकच उत्तर घेऊन येत होते: ‘वहिनी म्हणतात, मोबाइलवर फुकट दिसतंय, रिचार्ज कशाला मारू?’ ऑपरेटरने ते धरून चालण्याऐवजी पत्नीला बंद पडलेल्या प्रत्येक घरी फोन करायला सांगितले. 160 पैकी 118 घरांशी बोलणे झाले. 31 घरांनी डीडी फ्री डिशची छत्री लावली होती. 35 घरांची कारणे वेगळीच होती: सुट्टीला गावी गेलेले, घर बदललेले, वाढलेल्या दराला कंटाळलेले. स्ट्रीमिंगमुळे गेलेली घरे 52 निघाली, आणि त्यांपैकी 44 घरांत दुसऱ्या कोणाचे तरी वाय-फाय आधीच होते.

या प्रकरणातला सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी निर्णय हाच. चार दिवसांच्या फोनांतून कळले की ग्राहक ॲपने नेला नव्हता, घरात आधी शिरलेल्या फायबरवाल्याने नेला होता. आठ घरे सोडली तर मोबाइल डेटावर पूर्ण आयपीएल पाहणारे कोणी नव्हते. साधे गणित आहे: 5 एमबीपीएसच्या स्ट्रीमला तासाला सव्वादोन जीबी लागतात, साडेतीन तासांच्या सामन्याला जवळपास आठ. दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर टीव्हीएवढे चित्र दोन महिने चालत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सवलतीचा. नेटवर्क शुल्कात 30 रुपये सूट द्यायची, तीही स्वतःच्या वाट्यातून, कारण एमएसओ एक रुपया सोडायला तयार नव्हता. सगळे 160 बॉक्स परत आले असे धरले तरी 800 घरांना महिन्याला 24,000 रुपयांची सूट, आणि परत मिळणार 10,800. तीन ओळींच्या हिशोबात पर्याय बाद झाला. फक्त गेलेल्यांनाच सूट द्यावी तर गावात बातमी दुसऱ्या दिवशी पसरते आणि टिकलेला ग्राहक रिचार्जच्या तारखेला अडून बसतो.

दुसरा पर्याय एका लाइनमनचा होता. जिओसिनेमाचे चित्र एचडीएमआय एन्कोडरमधून काढायचे आणि आपल्या लोकल चॅनेलवर सोडायचे. हा बेकायदा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 37 खाली प्रक्षेपणाचे पुनःप्रसारण हा प्रसारकाचा हक्क आहे, आणि ॲप फुकट असले तरी त्याचे पुनःप्रसारण फुकट होत नाही. प्रसारकांची माणसे मोसमात गावोगावचे लोकल चॅनेल तपासत फिरतात, कंट्रोल रूममधले सामान जप्त झाले की मोसम तिथेच संपतो. ऑपरेटरने नकार दिला. खरे तर हा पर्याय चर्चेलाही यायला नको होता, पण बहुतेक गावांत तो येतोच, म्हणून नोंदवला.

याला लागूनच एक जुनी तक्रार होती. भारताचा सामना फ्री डिशवर डीडीवर दिसतो, मग केबलच्या डीडीवर का नाही? 2007 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे चित्र प्रसार भारतीला द्यावे लागते, पण ते चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील आणि डीटीएच जाळ्यापुरतेच, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2017 मध्ये ठरवले. केबलवर ते सोडता येत नाही. ऑपरेटरने हे चार ओळींत छापून पावतीला जोडले. त्याने बॉक्स वाढले नाहीत, पण ‘तुम्ही मुद्दाम बंद करता’ हे भांडण थांबले.

तिसरा पर्याय जाळे विकण्याचा. विचारणा झाली होती, पण दर फक्त चालू बॉक्सवर लावला जात होता आणि चालू बॉक्स महिन्याला घटत होते. पडत्या भावात घाई करायची नाही, एवढेच ठरले.

चौथा पर्याय स्वतः घराघरात फायबर नेण्याचा, आणि तोच निवडला. स्वतःचा क वर्ग (छोट्या भागापुरता) इंटरनेट परवाना काढायचा की परवानाधारक कंपनीचा भागीदार व्हायचे, हा त्यातला पोटप्रश्न. परवान्यात हिशोब, अहवाल आणि ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचे काम दोन माणसांच्या कार्यालयाला झेपणारे नव्हते. त्यामुळे एका प्रादेशिक कंपनीशी महसूल-वाटणीचा करार झाला. बँडविड्थ कंपनीची, गावातले जाळे आणि सेवा ऑपरेटरची, बिलातला सुमारे 40 टक्के वाटा त्याचा.

करार वाचताना एक ओळ नजरेतून सुटली, ती पुढे महागात पडली. ग्राहकाला ‘50 एमबीपीएसपर्यंत’ वेग द्यायचा हे लिहिले होते. कंपनीकडून गावापर्यंत येणारी अपलिंक किती असेल आणि ती भरली तर किती दिवसांत वाढवायची, यावर करारात अक्षरही नव्हते.

काय केले

जुलै 2023 मध्ये 6.5 लाखांचे तीन वर्षांचे कर्ज काढले, हप्ता महिना सुमारे 21,600. त्यातून जीपीओएन पद्धतीची ओएलटी (फायबरवर प्रकाश सोडणारे कंट्रोल रूममधले यंत्र), फायबर, एका तारेतला प्रकाश अनेक घरांत वाटणारे स्प्लिटर, ओएनयू (ग्राहकाच्या घरातला फायबरचा डबा) आणि फायबर जोडण्याचे स्प्लायसिंग मशीन आले. नोडसाठी आधीच टाकलेल्या सहा कोअरच्या केबलमध्ये चार कोअर मोकळे होते, त्यामुळे मुख्य रस्त्याचे काम वाचले.

विभागणी 1:8 आणि पुढे पुन्हा 1:8 अशी ठेवली, एका पोर्टवर 64 घरे. वाटेत प्रकाश किती घटतो (तो डीबीत मोजतात) त्याचा हिशोब असा: दोन स्प्लिटरचे 21 डीबी, तीन किलोमीटर फायबरचा एक, चार कनेक्टरचे दोन आणि जोडांचा अर्धा, म्हणजे साडेचोवीस. बी प्लस वर्गाच्या मॉड्यूलला 28 डीबी चालतात, म्हणजे साडेतीन डीबी शिल्लक. ही शिल्लक खर्चायची नसते. एका गल्लीत लाइनमनने नवी तार ओढण्याचा कंटाळा करून एका जोडणीवर 1:2 स्प्लिटर मारला आणि दोन घरे चालवली. तिथे साडेतीन डीबी गेले. दुपारी नेट चाले, रात्री ओएनयूचा लाल दिवा लुकलुके. मीटरवर उणे 27 दिसल्यावर कारण सापडले. त्यानंतर नियम झाला: घरात उणे 25 पेक्षा कमी सिग्नल असेल तर जोडणी द्यायची नाही, आणि प्रत्येक जोडणीच्या दिवशीचे वाचन वहीत लिहायचे.

याच काळात एक चूक मोठ्या उत्साहात झाली. फायबर घेतलेल्या घरांतली कोॲक्सची तार काढून आणायला सांगितले गेले, कारण तांब्याला भाव होता आणि खांबावरची गर्दी कमी होणार होती. ऑक्टोबरमध्ये विश्वचषक सुरू झाला. तोही डिस्ने प्लस हॉटस्टारवर फुकट होता, पण फक्त मोबाइलवर, टीव्हीवर पाहायला वर्गणी लागत होती. मार्चमधले ‘फुकट’ आणि ऑक्टोबरमधले ‘फुकट’ वेगळे निघाले. घरात चौघे मिळून पाहायचे तर पडदा मोठा हवा, आणि साठ घरांनी बॉक्स चालू करा म्हणून फोन केले. त्यांतल्या बावीस घरांत तार उरलीच नव्हती. ती पुन्हा ओढावी लागली, ऐन मोसमात, रात्री.

15 नोव्हेंबरला वानखेडेवर भारत-न्यूझीलंड उपांत्य सामना चालू असताना उसाने लादलेल्या ट्रॉलीने रस्ता ओलांडणारी फायबर तोडली. 38 घरे बंद. खांबावर शिल्लक वेटोळे ठेवलेले नव्हते, त्यामुळे दोन टोके जुळेनात आणि मधे तुकडा घालून दोन ठिकाणी स्प्लायसिंग करावे लागले. काम संपले तेव्हा शमीच्या सात बळींची चर्चा गावभर होऊन गेली होती. त्या 38 पैकी 11 घरांची कोॲक्स वेगळ्या नोडवरून जिवंत होती. त्यांनी सामना केबलवर पाहिला आणि तक्रारही केली नाही.

22 मार्च 2024: खरी परीक्षा

या प्रकरणातला सर्वात शिकण्यासारखा भाग पुढच्या आयपीएलच्या पहिल्या रात्रीचा आहे. तोवर फायबरची 180 घरे झाली होती. अपलिंक 300 एमबीपीएसची. त्याआधीच्या आठवड्यात संध्याकाळचा सर्वाधिक वापर 190 पर्यंत गेला होता, म्हणून सगळे निर्धास्त.

चेन्नई-बंगळुरू सामना आठला सुरू झाला. सव्वाआठला चित्र फिरायला लागले, साडेआठला फोन थांबेनात. लाइनमन घरोघर गेले, ओएनयू रीसेट केले, पॅच कॉर्ड बदलल्या. तीन रात्री हेच चालले. सकाळी जाऊन स्पीड टेस्ट केली तर पूर्ण वेग, म्हणून दोष ग्राहकाच्या राउटरला दिला गेला.

दोष कुठे आहे ते सांगणारी खूण पहिल्या रात्रीपासून समोर होती. सगळ्या घरांत प्रकाशाचे वाचन उणे 22 च्या आसपास, म्हणजे तार ठीक. पण कंपनीच्या गेटवेला लावलेला पिंग (संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) दुपारी 4 मिलिसेकंद आणि रात्री आठनंतर 180. वाचन चांगले आणि पिंग फक्त गर्दीच्या वेळी फुगलेला, तर जागा एकच: अपलिंक भरली. जीपीओएनचा पोर्ट अडीच जीबीपीएसचा असतो, 64 टीव्ही एकदम चालले तरी तो चारशेच्या आत राहतो. दोष खांबावर नव्हताच.

कारण मुळाशी आहे. केबलवर एकच सिग्नल जातो, मग तो दहा घरांनी पाहा की आठशे. स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक पडद्यासाठी वेगळी प्रत मागवली जाते. एरवी घरे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे पाहतात म्हणून सरासरी कमी राहते. सामन्याला सगळे एकाच मिनिटाला बसतात. त्या रात्री 95 टीव्ही चालू धरले आणि एचडीला 6 एमबीपीएस लावले तर 570 होतात. 300 ची अपलिंक टिकण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या माणसाने वीस वर्षे एका तारेवर सगळ्या गावाला सामना दाखवला त्याच्या डोक्यात हे सहज येत नाही, आणि तिथे त्याला दोष देता येत नाही. पण इंटरनेट कंपनीला हे ठाऊक असायलाच हवे होते.

चौथ्या दिवशी पिंगचे आकडे कंपनीला पाठवले. ती 800 एमबीपीएस द्यायला तयार झाली, पण करारात बंधन नसल्याने मोसमापुरतेच. ऑपरेटरने जोडणी वाढवण्याचे काम थांबवतो असे सांगितल्यावर पुरवणी करार झाला: सलग तीन संध्याकाळी अपलिंक 80 टक्क्यांवर गेली तर सात दिवसांत वाढवायची.

उरलेल्या तक्रारी घरातल्या होत्या. टीव्ही आतल्या खोलीत, राउटर ओसरीवर, 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेजारच्या दहा घरांचा गोंगाट. टीव्हीपर्यंत कॅट-6 ची तार ओढली की नव्वद टक्के प्रश्न संपतो. वीज गेली तर टीव्ही बंद पडतो पण मोबाइल चालू राहतो, म्हणून ओएनयूला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस जोडून विकायला सुरुवात केली. एक गोष्ट मात्र सुटणारी नव्हती: स्ट्रीम केबलच्या मागे असते. शेजारच्या केबलवाल्या घरातून षटकाराचा आरडाओरडा आधी येतो आणि चेंडू नंतर पडतो. तक्रार आली की खरे कारण सांगायचे, दुरुस्तीचे आश्वासन द्यायचे नाही, एवढेच ठरवले.

निष्पत्ती

28 फेब्रुवारी 2024 रोजी रिलायन्स आणि डिस्नेच्या भारतातील माध्यम व्यवसायाच्या विलीनीकरणाची घोषणा झाली, नोव्हेंबरमध्ये ते पूर्ण झाले आणि 14 फेब्रुवारी 2025 रोजी जिओहॉटस्टार आले. टीव्ही आणि डिजिटल पुन्हा एका मालकाचे झाले. आयपीएल 2025 पूर्ण पाहायला वर्गणी लागू झाली, मोबाइलपुरती तीन महिन्यांना 149 रुपये. ठरावीक रिचार्जबरोबर ती मिळत असल्याने तरुण मुलांना फरक पडला नाही, पण टीव्हीवर पाहणाऱ्या 55 घरांनी बॉक्स पुन्हा चालू केले.

एप्रिल 2025 अखेर 470 बॉक्स आणि 310 फायबर जोडण्या होत्या. 190 घरांत दोन्ही. म्हणजे एकूण घरे 590, जानेवारी 2023 पेक्षा 210 ने कमी. केबलचे सुमारे 31,700 आणि फायबरचे, घरामागे 200 धरून, 62,000, म्हणजे एकूण 93,700. त्यातून हप्ता वजा केला तर 72,100 उरतात. हे 54,000 पेक्षा जास्त दिसतात, पण तिसरा लाइनमन, कंट्रोल रूमचा वाढीव इन्व्हर्टर आणि रात्री अकरापर्यंतचे फोन यात धरलेले नाहीत. वाढ आहे, पण बेताची. फायबर न टाकता फक्त केबल चालवली असती तर 31,700 च्या आसपास थांबला असता, ही तुलना जास्त खरी.

वेगळे काय करता आले असते

कोॲक्स काढायला नको होती. फुकट स्ट्रीमिंग ही वेगळ्या मालकांच्या चढाओढीतून आली होती, आणि ती चढाओढ किती मोसम चालेल हे 2023 मध्ये कोणालाच सांगता येत नव्हते. फेब्रुवारी 2024 च्या घोषणेनंतर मात्र अंदाज बांधता आला असता. मार्च 2025 च्या आधीच सगळ्या बंद बॉक्सवाल्यांना फोन गेले असते, तर 55 चा आकडा वाढला असता. ते फोन मोसम सुरू झाल्यावर गेले.

कर्जाच्या आधी एक रात्र कागदावर काढायला हवी होती: घरे गुणिले निम्मे टीव्ही गुणिले सहा एमबीपीएस. 180 घरांना 540 येतात. अपलिंकचा आकडा करारात टाकायला याहून जास्त तयारी लागत नव्हती.

रस्ता ओलांडणारी प्रत्येक तार आता सहा मीटर उंचीवर आहे आणि दोन्ही खांबांवर दहा-दहा मीटरचे वेटोळे बांधलेले आहे. गाळपाच्या मोसमाआधी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ती तपासण्याचे काम लाइनमनच्या वहीत पक्के आहे.

इंटरनेट कंपनीने 2025 मध्ये पाच वर्षांचा करार पुढे केला होता, वाटा 45 टक्के देऊन. ऑपरेटरने जुनाच 40 टक्के ठेवून जून 2027 पर्यंतची सही केली. आयपीएलच्या सध्याच्या हक्कांचा शेवटचा मोसम 2027 चा आहे.